लाटा एकमेकींवर आल्या की काय होतं? इंटरफिअरन्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळी तंबोरा घेऊन बसतो, त्यामुळे हे प्रश्न मला दोन्हीकडून येतात, वर्गातल्या मुलांकडून पण आणि गाणाऱ्यांकडून पण. परत परत तेच विचारलं जातं म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहितोय. क्रमाने वाचायची गरज नाही, पण पहिले तीन प्रश्न आधी वाचलेत तर पुढचं सोपं जाईल.

इंटरफिअरन्स म्हणजे थोडक्यात काय?

बेरीज. एवढंच. एका जागी एका क्षणी दोन लाटा आल्या तर पहिली लाट पाण्याला जितकं वर उचलणार होती आणि दुसरी जितकं उचलणार होती, त्या दोन्हींची बेरीज करायची, पाणी तितकं वर जातं. एक ३ सेंमी वर उचलतेय आणि दुसरी ३ सेंमी खाली ओढतेय तर बेरीज शून्य, पाणी आहे तिथेच राहतं. मराठी पुस्तकात ह्याला व्यतिकरण म्हणतात आणि मुलं तो शब्द बघूनच घाबरतात, पण आत पहिलीतली बेरीज-वजाबाकीच आहे, फक्त चिन्हासकट करायची.

म्हणजे लाटा एकमेकींना आडव्या येतात, धडकून मोडतात, असंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. इंग्रजी नावाचा अर्थ ढवळाढवळ असा आहे आणि त्या नावानेच गैरसमज होतो, कारण लाटा एकमेकींमध्ये अजिबात ढवळाढवळ करत नाहीत. आमच्या गावच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी अगदी संथ असतं, तिथे दोन खडे हातभर अंतरावर एकाच वेळी टाका आणि वरून नीट बघा. दोन गोल पसरत येतात, एकमेकांत शिरतात, शिरलेल्या भागात बारीक जाळीसारखी नक्षी उठते, आणि मग पहिला गोल दुसऱ्यातून आरपार निघून पलीकडच्या दगडापर्यंत अगदी गोलच्या गोल जातो, कुठे खरचटलेला पण नसतो. जाळी फक्त जिथे दोघं एकत्र आहेत तिथे आणि तेवढ्याच वेळापुरती.

लग्नाच्या हॉलमध्ये पण हेच चालू असतं. शंभर माणसं एकदम बोलतायत, सगळ्यांचे आवाज एकमेकांतून जातायत, तरी समोरच्या मावशींचं बोलणं तुम्हाला मावशींच्याच आवाजात ऐकू येतं. वाटेत दुसऱ्या आवाजातून गेलं म्हणून ते काही बदललेलं नसतं.

फेज म्हणजे नेमकं काय हो? पुस्तकातली व्याख्या पाठ आहे पण कळत नाही.

लाट तिच्या एका फेरीत आत्ता कुठे पोचलीय, ते म्हणजे फेज. शिखरावर आहे, उतरतेय, तळाला आहे, का चढतेय. दोन लाटांची शिखरं एकाच वेळी आली तर त्या सेम फेजमध्ये, एकीचं शिखर आणि दुसरीचा तळ एकाच वेळी आला तर उलट फेजमध्ये. आता दोन्ही लाटा एकत्र निघाल्या पण एकीला थोडं जास्त लांबून यायचंय, तर ती मागे पडणार. जादा अंतर पूर्ण एक तरंगलांबी (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) असेल तर परत शिखरावर शिखर, काही फरक नाही, अर्धी तरंगलांबी असेल तर शिखरावर तळ. सगळी गणितं ह्या एका ओळीतून निघतात, जादा किती चालावं लागलं आणि ते तरंगलांबीच्या किती पट आहे.

दोन लाटा कॅन्सल झाल्या तर त्यांची एनर्जी कुठे गेली? नाहीशी झाली का?

हा प्रश्न ज्याला पडतो त्याला खरंच विषय कळायला लागलाय असं मी समजतो. नाहीशी होत नाही, दुसरीकडे गेलेली असते. हिशोब करून बघा. दोन सारख्या लाटा, प्रत्येकीची उंची १. एनर्जी उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे प्रत्येकीची १, दोघींची मिळून २. जिथे शिखरावर शिखर आलं तिथे उंची २, पण एनर्जी २ नाही, २ चा वर्ग म्हणजे ४. जिथे शिखरावर तळ आला तिथे शून्य. चार आणि शून्य ह्यांची सरासरी? दोन. पै-पैचा हिशोब जुळतो. उजेडाच्या लाटा अशा भेटल्या की पडद्यावर अंधाराच्या आणि उजेडाच्या पट्ट्या दिसतात, त्यात अंधाऱ्या पट्टीतून जी एनर्जी गेली असं वाटतं ती बरोबर शेजारच्या उजेडाच्या पट्टीत जमा झालेली असते, म्हणून ती पट्टी दुप्पट नाही तर चौपट उजळते.

एक हुशार मुलगी मला म्हणाली होती, सर पण दोरीवर दोन्ही टोकांकडून एक वर आणि एक खाली असे दोन झटके सोडले तर मध्ये एका क्षणी अख्खी दोरी सरळ होते, मग तेव्हा शेजारी जमा व्हायला जागाच कुठे आहे? प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं की दोरी त्या क्षणी सरळ दिसते पण थांबलेली नसते, तिचे मधले कण त्या वेळी जोरात वर-खाली जात असतात, सगळी एनर्जी तेव्हा वेगात असते. फोटो काढला तर सरळ दोरी, व्हिडिओ काढला तर कळेल की ती त्या जागेवरून धावत निघालीय.

तंबोरा लावताना आवाज वॅव-वॅव असा हलतो, तो ह्यातलाच प्रकार का?

हो, आणि माझ्या मते इंटरफिअरन्स शिकायचा सगळ्यात सुंदर मार्ग हाच आहे. तंबोऱ्याला चार तारा, पहिली पंचम, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्ज. जोडीच्या दोन तारा तंतोतंत एका सुरात हव्यात. समजा एक सेकंदाला १४० वेळा हलतेय आणि दुसरी १३९ वेळा. सुरुवातीला दोघी बरोबर असतात, आवाज मोठा. अर्ध्या सेकंदाने एक अर्ध्या फेरीने मागे पडते, शिखरावर तळ, आवाज बारीक. पूर्ण सेकंद झाला की परत बरोबर. म्हणजे सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. हे झाले बीट्स, मराठीत विस्पंद. फरक २ चा असेल तर सेकंदाला दोनदा, फरक अर्ध्याचा तर दोन सेकंदांतून एकदा.

म्हणूनच लावताना आपण आधी खुंटी पिळून जवळपास आणतो, मग मणी सरकवत बसतो, आणि मणी केसभर सरकला की ते हलणं हळू होतं, आणखी हळू, आणि मग एका जागी आवाज असा उभा राहतो की आता ह्यात हलण्यासारखं काही उरलंच नाही. कान काय मोजतोय तर दोन तारांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, आणि तोही सेकंदाला एकापेक्षा कमी, मशीन न वापरता. मला तर ह्याचं अजूनही नवल वाटतं.

आणि तंबोराच इतका नाजूक का? कारण जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, तारेखाली दोरा सरकवला की तारेतले वरचे स्वर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट असलेले, भरभरून वाजायला लागतात. मूळ स्वरात फरक १ चा असेल तर पाचपटीच्या स्वरात तो ५ चा होतो, म्हणजे तिथे सेकंदाला पाच वेळा हलतं. तार किंचित जरी उतरली तरी वरच्या स्वरांत लगेच चुगली होते. मिरजेचे तंबोरे बनवणारे जवारी काढायला घोडी तासतात, दोरा सरकवतात, परत वाजवतात, परत तासतात, ते ह्याचसाठी.

उधाणाची भरती आणि भांगाची भरती, ह्याचा पण इंटरफिअरन्सशी संबंध आहे का?

अगदी सख्खा संबंध आहे. समुद्रावर भरतीच्या दोन लाटा एकमेकींवर बसलेल्या असतात. चंद्राची साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. म्हणजे दोन तारा, सुरात थोडासा फरक असलेल्या. मग बीट्स आलेच पाहिजेत ना? गणित करा, १२ आणि १२.४२ घेतलं तर दोघी परत बरोबर यायला साधारण ३५५ तास लागतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. अमावस्या ते पौर्णिमा! कोकणात पिढ्यानपिढ्या लोक अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग म्हणतात, ते हेच. एकदा शिखरावर शिखर, एकदा शिखरावर तळ.

फक्त इथे दोन लाटा सारख्या नाहीत. भरती आणायची सूर्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी आहे, ०.४६ च्या आसपास, त्यामुळे पूर्ण कॅन्सल कधीच होत नाही, भांगाला पण भरती येतेच फक्त लहान येते. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा येतो तेव्हा एकदा कॅलेंडरमध्ये तिथी बघा, बहुतेक वेळा अमावस्या किंवा पौर्णिमा नुकतीच झालेली असते. तंबोऱ्यात जे सेकंदात होतं तेच समुद्रात पंधरा दिवसांत होतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत तीन वेळा आकडेमोड करून पाहिली होती.

मग घरात दोन बल्ब लावले तर भिंतीवर अंधाराचे पट्टे का दिसत नाहीत?

कारण त्या बल्बच्या लाटांची फेज सेकंदाच्या एका अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात बदलून जाते. बल्बमध्ये असंख्य अणू आपापले, कोणाचा कोणाला पत्ता नाही असे उजेड सोडत असतात. आत्ता ह्या जागी शिखरावर शिखर असेल तर पुढच्या क्षणी शिखरावर तळ, पट्टे तयार होतात पण इतक्या भराभर जागा बदलतात की डोळ्याला नुसती सरासरी दिसते. दिंडीत सगळे टाळकरी एका ठेक्यात टाळ वाजवतात तेव्हा ठोका वेगळा ऐकू येतो, आणि तीच माणसं सभेत आपापल्या टाळ्या वाजवायला लागली की नुसता कडकडाट. माणसं तितकीच, आवाजही तितकाच, पण ठेका नाही. लेझरमध्ये ठेका असतो, म्हणून लेझरने पट्टे सहज दिसतात.

मग लेझर नसताना थॉमस यंगने १८०३ मध्ये उजेडाचं इंटरफिअरन्स कसं दाखवलं?

एकाच उजेडाचे दोन भाग करून. थॉमस यंग लंडनमधला डॉक्टर माणूस. त्याने खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडलं, आत आलेल्या उन्हाच्या त्या बारीक झोतात कागदाची पातळ पट्टी आडवी धरली, एक इंचाच्या तिसाव्या भागाइतकी, म्हणजे मिलिमीटरपेक्षा थोडी कमी जाड. उजेड पट्टीच्या दोन्ही बाजूंनी जाऊन पुढे परत एकमेकांवर आला आणि सावलीत रंगीत पट्टे दिसले. आणि मग त्याने एक फार साधी गोष्ट केली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, एका बाजूचा उजेड अडवला. दुसऱ्या बाजूचा उजेड तसाच चालू आहे, तरी सावलीतले पट्टे गेले. म्हणजे पट्टे कोणा एका बाजूचे नव्हतेच, दोघांचे मिळून होते. दोन्ही बाजू एकाच झोतातून आलेल्या, त्यामुळे फेज बदलली तरी दोन्हीकडे एकदम बदलते, फरक तोच राहतो. दोन फटींचं जे चित्र पुस्तकात असतं ते ह्याच विचाराचं.

तेव्हा इंग्लंडमध्ये न्यूटनचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता आणि न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कण, त्यामुळे यंगवर छापील टीका फार कडवट झाली. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेलने लाटांचं पक्कं गणित १८१८ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवलं. परीक्षकांमध्ये प्वासाँ होता, तो कणवाला. त्याने फ्रेनेलचंच गणित घेऊन दाखवलं की हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका यायला हवा, जे उघड अशक्य आहे. आरागोने खरंच प्रयोग केला आणि ठिपका तिथे होता! चकतीच्या कडेच्या प्रत्येक बिंदूपासून मध्यापर्यंतचं अंतर सारखं, म्हणून सगळ्या लाटा तिथे शिखरावर शिखर येतात. ज्याने खोडून काढायला गणित केलं त्याच्याच नावाने आज तो ठिपका ओळखला जातो.

हे घरी करता येईल का?

येईल, डोक्यावरच्या एका केसाने. लाल लेझर पॉइंटर घ्या, तोंडासमोर एक केस ताणून चिकटवा, खोलीत अंधार करा आणि झोत दोन मीटरवरच्या भिंतीवर टाका. केसाला आडव्या दिशेने ठिपक्यांची माळ दिसेल, मध्ये मध्ये काळ्या जागा. मधला मोठा उजेड सोडून एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजा. लेझरची तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले हे मोजलेलं अंतर, आली केसाची जाडी. ६५० नॅनोमीटरचा लेझर आणि काळ्या जागा १.९ सेंमीवर आल्या तर केस जवळपास ०.०७ मिमी जाड. लाकडी पट्टीने केसाची जाडी मोजली, बघा! लेझर कोणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नका, आरशावर पण मारू नका, मुलांबरोबर करत असाल तर तुम्ही स्वतः हातात धरा.

साबणाच्या फुग्याला रंग कुठून येतात? पाण्याला तर रंग नसतो.

बांगडी घ्या. काचेची, प्लॅस्टिकची, कुठलीही. वाटीत भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी, चिमूटभर साखर, त्यात बांगडी बुडवून अलगद काढा म्हणजे तिच्यात पडदा धरतो. आता ती खिडकीजवळ उभी धरा, मागे काहीतरी काळं असू दे, आणि हलू नका. आधी काही दिसत नाही, मग वरून आडवे रंगीत पट्टे उतरायला लागतात, गुलाबी, हिरवा, परत गुलाबी, परत हिरवा, खाली दाटीने आणि वर रुंद होत जातात, कारण पाणी खाली ओघळतंय आणि पडदा वर पातळ होतोय. प्रत्येक जाडीला पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या दोन लाटांमध्ये वेगळा फरक पडतो, त्यात कुठला तरी एक रंग कॅन्सल होतो आणि उरलेले तुम्हाला दिसतात. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसणारे रंग पण असेच.

पण थांबा, पडदा फोडू नका. अगदी वरचा भाग शेवटी चंदेरी होतो आणि मग काळा. भोक पडल्यासारखा काळा. पडदा आहे तिथेच आहे, पण आता इतका पातळ की दोन्ही लाटांच्या अंतरात काही फरकच उरला नाही. मग शिखरावर शिखर येऊन झगझगीत दिसायला हवं होतं ना? नाही, कारण हवेतून पाण्यावर आपटून परतताना लाट उलटी होते, शिखराचा तळ होतो, आणि मागच्या बाजूला पाण्यातून हवेवर आपटताना होत नाही. एक उलटी, एक सरळ, बेरीज शून्य, सगळ्याच रंगांची. तो काळा भाग दिसला की काही सेकंदांत पडदा फुटतो.

मोरपीस, सीडी, चष्म्यावरची हिरवट झाक?

तिन्ही इंटरफिअरन्सच. मोरपिसात निळा रंगद्रव्यच नाही, आत काळपट-तपकिरी रंगद्रव्याच्या बारीक काड्यांची जाळी असते आणि तिच्या अंतरामुळे निळा-हिरवा तेवढा जोर धरून परत येतो. सीडीच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या लाटा वेगवेगळ्या कोनात वेगवेगळा रंग उजळतात. चष्म्याच्या कोटिंगची जाडी अशी ठेवतात की मधल्या रंगांचं परावर्तन कॅन्सल व्हावं, आणि तो उजेड परत न जाता काचेतून डोळ्यात जातो.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याचा आवाज घालवतो पण कुकरची शिट्टी नाही, असं का?

बाहेरच्या माइकने आवाज ऐकायचा, त्याची उलटी लाट बनवायची आणि कानात सोडायची, आत बेरीज शून्य. कल्पना जुनी आहे, ह्याचं पेटंट १९३६ सालचं आहे. पंखा, विमान, ट्रेनची घरघर ह्यांची तरंगलांबी मोठी, १०० हर्ट्झला साडेतीन मीटरच्या आसपास, त्यामुळे उलटी लाट किंचित उशिरा आली तरी बऱ्यापैकी जुळते. शिट्टी समजा ३००० हर्ट्झची, तिची तरंगलांबी साडेअकरा सेंमी. सेकंदाच्या सहा हजाराव्या भागाइतका उशीर झाला की उलटी लाट सरळ होऊन बसते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून वरच्या आवाजांना कानावरची जाड गादीच अडवते.

लोक विचारतात अख्खी खोली शांत करता येईल का. एका खुर्चीपुरती येईल, पण एका जागी शिखरावर तळ आणलात की दुसऱ्या जागी शिखरावर शिखर जाणार, वरचा चार आणि शून्याचा हिशोब आठवा.

दोन स्पीकर लावले आणि बेसच गेला. स्पीकर खराब आहेत का?

आधी वायरी बघा. एका घरगुती मैफिलीला मी श्रोत्यांत बसलो होतो, स्पीकर नवे, चांगले, पण मध्यभागी तबल्याचा डग्गा जवळजवळ गायब आणि एका बाजूला सरकून बसलं की थोडा येतो. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या होत्या. एक पडदा पुढे येतोय तेव्हा दुसरा मागे जातोय. खालच्या स्वरांची तरंगलांबी चार-पाच मीटर असते म्हणून ते मधल्या सगळ्या पट्ट्यात एकमेकांना खातात, वरचे स्वर थोडं डोकं हलवलं तरी परत मिळतात. वायरी बदलल्या आणि डग्गा आला, गाणाऱ्या ताईंच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसलं.

सिग्नलला गाडी थांबली की रेडिओ खरखरतो, जरा पुढे घेतली की परत नीट. हे पण?

हे पण. १०० मेगाहर्ट्झच्या स्टेशनची लाट ३ मीटर लांब. एक लाट थेट येते, एक समोरच्या बिल्डिंगवर आपटून, आणि काही जागी त्या उलट फेजमध्ये भेटतात. अर्धा-पाऊण मीटर गाडी पुढे सरकली की जागा बदलली. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लाट १२ सेंमीची, म्हणून तिथे राउटर चार बोटं सरकवला तरी कधीकधी फरक पडतो.

मायक्रोवेव्हमध्ये तर हे डोळ्यांनी बघता येतं. फिरणारी काच आणि तिच्याखालचं चाक काढा, साधी प्लेट उलटी ठेवून वर उडदाचा मोठा पापड ठेवा, वीसेक सेकंद चालवा आणि समोरच उभे राहा. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही, काही ठिकाणी फोड येऊन भाजतो आणि मधल्या जागा कच्च्या राहतात. आत लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटांची बेरीज जागच्या जागी उभी राहते, फोड आले ते प्रस्पंद, कच्चं राहिलं ते निस्पंद. दोन फोडांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं, साधारण ६ सेंमी. ते दुप्पट करून मशीनच्या २.४५ गिगाहर्ट्झने गुणलं की २९ कोटी ४० लाख मीटर दर सेकंदाला, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ. डब्यात लाटा सगळ्या दिशांनी फिरतात म्हणून फोड ओळीत येत नाहीत, तीन-चार पापडांची सरासरी घ्या. आणि प्लेट का फिरते हे आता वेगळं सांगायला नको.

नारायणगावजवळच्या त्या मोठ्या डिश ह्याचाच वापर करतात ना?

हो, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप ह्यांनी उभी केलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, लांबच्या दोन डिशमध्ये २५ किमीच्या आसपास अंतर. आकाशातल्या एकाच ठिकाणाहून निघालेली रेडिओ लाट प्रत्येक डिशवर किंचित वेगळ्या वेळी पोचते. सगळ्या डिशचे सिग्नल फायबरने एका जागी आणून दोन-दोनच्या जोड्या लावून त्यांचा फेजमधला फरक बघतात, ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. त्यामुळे बारकावे दिसायच्या बाबतीत ती २५ किमी रुंद दुर्बिणीसारखं काम करते, जी लोखंडाची बांधणं कोणालाच शक्य नाही. जुन्नर भागात गेलात तर लांबून तरी बघाच.

आणि लायगो? हिंगोलीत काय होणार आहे?

लायगो हे गुरुत्वीय लाटा, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आखडत जाणाऱ्या लाटा, टिपणारं यंत्र. त्यात लेझरचा एक झोत दोन भाग करून काटकोनातल्या दोन ४ किमी लांब नळ्यांत पाठवतात, आरशांवरून परत आणतात आणि एकत्र करतात. मांडणी अशी की परत आल्यावर शिखरावर तळ यावा, बाहेरच्या बाजूला जवळजवळ पूर्ण अंधार. गुरुत्वीय लाट आली की एक नळी किंचित लांब आणि दुसरी आखूड होते, हिशोब बिघडतो आणि अंधारात उजेड झिरपतो. फरक किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ह्या दोन्ही ठिकाणी हे पहिल्यांदा दिसलं, साधारण १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. तसंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचंय, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, खर्च २६०० कोटी. लाट कुठल्या दिशेने आली ते नीट ठरवायला पृथ्वीवर एकमेकांपासून लांब असलेली यंत्रं लागतात, म्हणून इथे हवंय. मराठवाड्यातल्या मुलांनी ह्यात काम करावं असं मला मनापासून वाटतं.

व्यतिकरण आणि विवर्तन ह्यात फरक काय?

मुळात काही नाही, दोन्ही बेरीजच. मोजक्या लाटांची केली तर व्यतिकरण म्हणायची पद्धत आहे, एका फटीच्या किंवा कडेच्या असंख्य बिंदूंकडून आलेल्या लाटांची केली तर विवर्तन.

एकच इलेक्ट्रॉन सोडला तर तो कोणाशी इंटरफिअर करतो?

आधी प्रकाशाचं ऐका. १९०९ मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलरने सुईच्या सावलीतले पट्टे इतक्या मंद उजेडात, म्हणजे प्रकाशाचे कण (फोटॉन) जवळजवळ एकेकटेच जातील अशा, फोटोवर घेतले की एक फोटो यायला तीन महिने लागले, पट्टे तरी तसेच आले. १९८९ मध्ये जपानमध्ये तोनोमुरांच्या गटाने पडद्यापर्यंत जायला दोन वाटा ठेवून इलेक्ट्रॉन एक-एक करून सोडले. पडद्यावर आधी कुठेही ठिपके पडतात, काही नक्षी नाही, हजारो ठिपके जमले की त्यातून पट्टे वर येतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच जागी एकच ठिपका उमटवतो, पण कुठे उमटायची शक्यता किती हे दोन्ही वाटांच्या लाटांची बेरीज ठरवते. तो कुठल्या वाटेने गेला हे बघायची सोय केली की पट्टे जातात. बेरीज कशी करायची ते आपल्याला अचूक माहीत आहे, निसर्ग असा का वागतो ह्यावर मात्र शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत.

नुसती बेरीज हा नियम कधी मोडतो का?

मोडतो, लाट फार मोठी झाली की. किनाऱ्यावर फुटणारी लाट साध्या बेरजेने समजत नाही. काही स्फटिकांत जोरदार लेझर सोडला की उजेड उजेडावर खरोखर परिणाम करतो. बाजारातल्या बऱ्याच हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये मुळात १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, स्फटिक त्याची फ्रिक्वेन्सी दुप्पट करतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बाहेर येतो. केसाचा प्रयोग हिरव्या लेझरने केलात तर गणितात ५३२ घाला, काळ्या जागा थोड्या जवळ येतील.

परीक्षेत दोन लाटांच्या उंची ३ आणि ४ दिल्या असतील तर?

जास्तीत जास्त ७, कमीत कमी १, उजेडाचं गुणोत्तर त्यांच्या वर्गांचं म्हणजे ४९ ला १. फेजमधला फरक ९० अंश असेल तर ५, पायथागोरससारखं. मुलं वर्ग करायला विसरतात आणि ७ ला १ लिहून येतात, दरवर्षी.